फेटलिंग म्हणजे काय

४ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण डावा गुडघा अजून तसाच आहे. तेव्हा उभ्यानेच घे.

गेली नऊ वर्षं तू आणि मी मिळून पोस्टखात्याला भरपूर विश्रांती दिली. आज ती मोडतोय, कारण काम असं निघालंय की तुझ्याशिवाय दुसरीकडे जाऊन उपयोग नाही. तू माझी सख्खी आतेबहीण, वर एवढ्या मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसणारी. तुझ्या पाठीमागच्या कपाटात तो वीस खंडांचा इंग्रजी कोश आहे, हे मी विसरलेलो नाही.

आमच्या फाउंड्रीचा धूर तू पाहिला आहेस, आत कधी आलेली नाहीस. म्हणून सांगतो. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. थंड झालं की साचा फोडतात. आतून निघालेला नग नुकत्या जन्मलेल्या वासरासारखा असतो: अंगाला वाळू चिकटलेली, लोखंड जिथून आत शिरलं तिथे शेपट्या राहिलेल्या, सांध्यावर पापुद्रे. तो आमच्याकडे येतो. आम्ही शेपट्या तोडतो, पापुद्रे छिन्नीने काढतो, ग्राइंडर मारतो आणि शेवटी नग साखळीला टांगून, हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकतो. आवाज खणखणीत तर नग पुढे. बद्द आला तर बाजूला. या सगळ्याला मिळून फेटलिंग म्हणतात. सव्वीस वर्षं मी हेच करतोय, त्यातली अकरा विभागाचा मुकादम म्हणून.

आता गाऱ्हाणं. साचेवाला आपल्या नगावर स्वतःच्या नंबरचा पंच मारतो. भट्टीवाला मारतो, लेथवाला मारतो. पंच म्हणजे पोलादी ठसा. हातोडीचा एक घाव आणि नंबर लोखंडात कायमचा. आम्ही फेटलिंगवाले बारा जण मात्र खडूने खूण करतो. रंग चढला की खडू गेला. का, तर कंपनीच्या कामांच्या यादीत आमच्यापुढे एकच शब्द आहे: साफसफाई. साफसफाईला पंच मिळत नाही.

ती यादी सध्या नव्याने लिहिली जातेय. त्यासाठी एक सल्लागार आणलाय. आम्ही त्याला 'टाय' म्हणतो, कारण भट्टीपाशीसुद्धा तो ती सैल करत नाही. मॅनेजर मला म्हणाले, "तुमचं काम साफसफाईहून मोठं आहे म्हणता ना, मग आधार आणा. फेटलिंग या शब्दाचा अर्थ तरी काय, ते दाखवा." तीस तारखेला बैठक आहे.

माझ्या खिशातल्या कोशाने हा शब्द अर्ध्या ओळीत उरकलाय. माझं स्वतःचं मत तयार आहे: साहेबाने हा शब्द आपल्या 'फेटणे'वरून उचलला. आम्ही हातोडीने दुसरं काय करतो? मॅनेजरना हे मी सांगूनही टाकलंय. तू फक्त शिक्का मार. आणि त्या क्रियापदाचे सगळेच्या सगळे अर्थ लिहून पाठव. एकही गाळू नकोस; मापात काटछाट मला चालत नाही, तुला ठाऊक आहे.

घाई एवढ्यासाठी की आमच्यातला मौनी ३१ मार्चला निवृत्त होतोय. एकतीस वर्षं. दीड लाखाच्या वर नग त्याच्या हातून गेले, एकावरही त्याची खूण नाही. त्याने एक पंच मारून घरी जावं, एवढंच मला हवंय.

बापू


१६ जानेवारी

चि. बापू,

आशीर्वाद बसूनच देते. गुडघे मलाही आईकडून तुमच्याच घराण्याचे आलेत.

पाकिटावरचं अक्षर पाहून आधी वाटलं, कुणी गेलं की काय. मग 'साहेबाने फेटणेवरून उचलला' इथपर्यंत आले आणि खात्री पटली की सगळे खुशाल आहेत आणि तू जराही बदललेला नाहीस.

शिक्का मारत नाही. 'फेटणे'चा आणि याचा काहीही संबंध नाही. दोन शब्द दिसायला सारखे असले म्हणून भाऊ ठरत नाहीत. आपण दोघं भावंडं असून कुठे सारखे दिसतो?

खरी गोष्ट अशी. जुन्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'फेटेल' नावाचं एक नाम होतं. अर्थ: पट्टा, कमरपट्टा. त्यावरूनच बहुधा पुढे, चौदाव्या शतकाच्या आसपास, 'फेटल' हे क्रियापद दिसायला लागतं. 'बहुधा' हा शब्द कोशकारांचा आहे, तो तूही गाळू नकोस. पट्टा आवळून कामाला तयार होणं, दुसऱ्या कशाला तरी तयार करणं, सज्ज करणं, असा तो अर्थ सरकत गेला. मग लोकांनी आपापल्या घरी नेला. उत्तरेकडच्या इंग्रजी बोलीत घर आवरणं म्हणजे फेटल करणं, मोडलेलं दुरुस्त करणं म्हणजेही तेच. लोखंडाच्या भट्टीच्या तळाला अस्तर लावणं, तेही फेटलिंग. कुंभाराने कच्च्या भांड्याचे सांधे भाजण्याआधी घासून नीट करणं, तेही. काही देशांत रेल्वेचे रूळ राखणाऱ्याला फेटलर म्हणतात. माणूस ठणठणीत असला तर 'उत्तम फेटलमध्ये आहे' असं अजून बोललं जातं, पण तिथे ते नाम आहे, म्हणून मोजलेलं नाही. आणि ओतलेल्या नगाच्या कडा काढून तो नीट करणं, ते तर तुमचंच.

प्रत्येक अर्थाचा वेगळा कागद जोडला आहे, खंड आणि पान घालून. तुझ्यासारख्या माणसाला पाठवायचं म्हणून दोनदा ताडून पाहिलंय.

मौनी नावाचा माणूस तुझ्याबरोबर सव्वीस वर्षं कसा टिकला? की म्हणूनच मौनी झाला?

तुझी,
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,

'फेटणे' मागे घेतो. मॅनेजरनाही जाऊन सांगितलं की ते रद्द समजा. ते म्हणाले, "मी तसंही लिहून घेतलं नव्हतं." माणूस तसा वाईट नाही.

पण ताई, तू काय पाठवलंयस याची तुला तरी कल्पना आहे का? कमरपट्टा! म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या साहेबाला जे सुचलं तेच आपल्याला सुचलं. काम पुढ्यात आलं की आधी कंबर कसायची. शब्दाची उसनवारी नाही, काही नाही, माणसाची कंबर सगळीकडे सारखीच.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या अंगावर चामड्याचा एप्रन असतो, कमरेला चार बोटं रुंद पट्टा. वाचून झालं तसा मौनी उठला, स्वतःच्या पट्ट्याकडे बघितलं आणि एक भोक आत घेऊन आवळला. म्हणाला, "हे बरोबर आहे." महिन्याभरातलं त्याचं हे दुसरं वाक्य.

टिपण तयार केलं. तीन प्रती, हाताने, शाईत. तुझे सात अर्थ क्रमाने, प्रत्येकाखाली आमच्या विभागात त्याला जुळणारं काम. शेवटचं वाक्य असं: 'कोशातील कोणत्याही अर्थाने फेटलिंग म्हणजे केवळ साफसफाई होत नाही.' वाक्य मोजून मापून लिहिलंय, कुठे सुई शिरायला जागा नाही.

बापू


३१ जानेवारी

ताई,

सुई नाही, पहार शिरली.

बैठकीत मी टिपण वाचलं. मॅनेजर मान हलवत होते, भट्टीवाला तर मध्येच 'वा' म्हणाला. 'कोणत्याही अर्थाने' हे मी जरा सावकाश वाचलं. मी खाली बसलो आणि टायने आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. अगदी नम्रपणे म्हणाला, "मुकादम, हा एक अर्थ राहिला वाटतं. लोकरीच्या गिरणीत फेटलर नावाचा कामगार असे. त्याचं काम, पिंजण्याच्या यंत्रांची साफसफाई." तोच कोश, ताई. तुझ्या पाठीमागच्या कपाटातला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅनेजर म्हणाले, "यादीत आहे ते राहू द्या मग. सही पंधरा मार्चला करू." माझ्या सव्वीस वर्षांत माझ्या हातून खोटा नग पुढे गेलेला नाही. काल माझ्या सहीचा कागद खोटा निघाला.

मी लिहिलं होतं, एकही गाळू नकोस. पहिल्या पत्रात, स्वच्छ अक्षरात. तुला तो अर्थ दिसला नाही असं तू म्हणालीस तर मी मानणार नाही. तू दोनदा ताडून पाहतेस. मग दिसून गाळलास. का, एवढं कळव. फाउंड्रीतल्या माणसाला सगळं देऊन काय करायचं, असं असेल तर तेही कळव.

बापू


७ फेब्रुवारी

चि. बापू,

दिसला होता. त्याचा कागदही तयार केला होता. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. म्हणजे होता, आता या पत्रासोबत आहे. आठवा अर्थ. खंड, पान, सगळं बरोबर आहे.

का गाळला, ते सांगते. तुला आठवत असेल, किंवा मी विसरले असं तुला वाटत असेल. नऊ वर्षांपूर्वी तू दोन दिवस माझ्याकडे आला होतास. नवे ग्रंथपाल आणि त्यांची बायको दुपारी जेवायला होते. त्यांनी विचारलं, हे कोण. मी म्हणाले, "माझा मामेभाऊ. कारखान्यात साफसफाई बघतो." तू ताटातलं सगळं संपवलंस, ताट उचलून मोरीत ठेवलंस आणि म्हणालास, बसची वेळ झाली. बस सहाची होती, बापू. तू निघालास तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मला तुझ्या कामाचं नाव माहीत नव्हतं असं नाही. नीट सांगत बसले असते तर दोन मिनिटं लागली असती. मी दोन मिनिटं वाचवली.

तुझं पत्र आलं आणि कोश उघडला. ओळीओळीने खाली गेले आणि तिथे तो शब्द छापलेला. साफसफाई. माझ्या हाताने तो तुला पुन्हा लिहून पाठवायचा, हे मला जमेना. वाटलं, एवढे सात अर्थ आहेत, एक गेला तर कुठे बिघडलं. बत्तीस वर्षं लोकांना सांगत आले की अर्धी माहिती ही चुकीच्या माहितीहून वाईट. तुझ्यापाशी नेमकं तेच केलं.

तू रागावलास ते बरोबर आहे. कारण मात्र तू समजलास त्याच्या उलट आहे.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

पत्र मिळालं. चार वाजून दहा नव्हे, चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तुमच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं, मी तेव्हाच पाहिलं होतं.

आता तू सांगितलंस तर मीही सांगतो. मी साफसफाई या शब्दावर रागावलो नव्हतो. आम्ही साफसफाई करतोच. अंगावरची वाळू काढल्याशिवाय नगाचा आवाजही धड येत नाही. मला लागलं ते वेगळंच. 'माझा मामेभाऊ' तू नेहमीच्या आवाजात म्हणालीस आणि 'साफसफाई बघतो' म्हणताना आवाज खाली केलास. मी दिवसभर आवाजच ऐकतो, ताई. बद्द आवाज मला चुकत नाही.

बरं. तो विषय आपण दोघांनी मिळून घासून काढला असं समजू. आता पुढचं.

तुझा आठवा कागद समोर ठेवून दोन दिवस विचार केला आणि सोमवारी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "माझं टिपण चुकीचं होतं, परत घेतो. सल्लागार सांगतात तो अर्थ खरा आहे. तर मग एक आठवडा आम्ही तेवढंच करू. साफसफाई. शेपट्या तोडू, पापुद्रे काढू, वाळू झाडू आणि नग लेथवाल्यांच्या मशीन शॉपला पाठवू. टांगणार नाही, ठोकणार नाही, बाजूला काढणार नाही. यादीत नाही ते करणार नाही."

मॅनेजर म्हणाले, "हा संप झाला."

मी म्हटलं, "संपात माणूस काम करत नाही. आम्ही सांगितलेलं सगळं करणार आहोत. फक्त त्या आठवड्याचा एकही नग मशीन शॉपच्या दाराबाहेर जाऊ देऊ नका, ही माझी विनंती. गिऱ्हाइकाच्या गळ्यात खोटा नग मला घालायचा नाही."

टाय तिथेच होता. तो म्हणाला, "करू द्या. आकडे तरी मिळतील." त्याला आकडे फार आवडतात. मलाही आवडतात, हे त्याला अजून माहीत नाही.

आता तुला एक सांगतो, ते विभागाबाहेर फक्त तुलाच. हात थांबवता येतो, कान थांबवता येत नाही. नग एका टेबलावरून दुसऱ्यावर ठेवला तरी आवाज होतो. छिन्नी लागली तरी होतो. मी आणि मौनी, दोघं स्वतंत्रपणे, आमच्या मते खोट्या असलेल्या नगांचे नंबर लिहिणार आहोत. प्रत्येक नगाला पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर नंबर. शनिवारी काम सुटायच्या आत, मशीन शॉपने एकही नग हातात घेण्याआधी, ती यादी बंद पाकिटात मॅनेजरच्या कपाटात जाईल.

बापू


२० फेब्रुवारी

चि. बापू,

घड्याळ अजूनही पाच मिनिटं पुढेच आहे. आज पत्र वाचून झाल्यावर मागे केलं.

तुझ्या पाकिटाने माझी झोप उडवली आहे. टिपणात तू 'कोणत्याही' लिहिलंस आणि एका अर्थाने सगळं पाडलं. यादीत एक नंबर चुकला तर तो माणूस तोच एक नंबर धरून बसेल. मोठी बहीण म्हणून सांगते, यादीच्या खाली बारीक अक्षरात 'चूकभूल द्यावी घ्यावी' एवढं तरी लिही. आम्ही ग्रंथालयातली माणसं त्यावरच जगतो.

ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,

'चूकभूल' लिहिलं नाही. बारीक अक्षर मला वाचता येत नाही, मग लिहू कशाला.

झालं ते असं. त्या आठवड्यात पंपाच्या बॉडीचे दोनशे चाळीस नग गेले. यादीत एकोणीस नंबर. मौनीची आणि माझी यादी अठरांवर जुळली. एकोणिसावा, नंबर एकशे तेरा, माझ्या यादीत नव्हता. तो मौनीचा. मी त्याला म्हटलं, "हा मला चांगला वाटतो." त्याने मान हलवली, नाही अशी. मी पुन्हा ठोकून बघितलं असतं तर आठवड्याचा नियम मोडला असता. शेवटी त्याच्या कानावर विश्वास ठेवून लिहिला. विभागाची यादी, विभागाची सही.

मशीन शॉपचा फोरमन मंगळवारी दुपारीच बोंबलत आला. "तुम्ही लोक मेलात की काय? हत्याराची तीन टोकं गेली माझी." बुधवारी तर तो मॅनेजरच्या खोलीत जाऊन म्हणाला, "फेटलिंगवाल्यांना काय पाहिजे ते द्या आणि माझी सुटका करा." आमच्याशी गेली सहा वर्षं धड बोलत नव्हता, त्याने आमची वकिली केली. लोखंडात चिरा, पोकळ्या, भोकं. सोळा नग लेथवर उघडे पडले. पाण्याचा दाब दिला तेव्हा आणखी दोन गळले. एकूण अठरा.

काल सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. टायने स्वतः एकेक नंबर वाचला, फोरमन आपल्या वहीत टिचकी मारत गेला. अठरापैकी अठरा. आणि यादीबाहेरचा एकही नग खोटा निघाला नाही. भट्टीवाला पुन्हा 'वा' म्हणाला. त्याला दुसरा शब्द येत नाही, पण वेळेवर येतो.

मग टाय म्हणाला, "आणि एकशे तेरा?" एकशे तेरा लेथवर पास, दाबावर पास. चकचकीत, गुळगुळीत, राजबिंडा नग. "म्हणजे एक अंदाज चुकला. अंदाजाला आम्ही कौशल्य म्हणत नाही, मुकादम."

तू सांगितलं होतंस तसंच झालं, बारीक अक्षरासकट. मॅनेजर मला सुटका देत होते, म्हणाले, "एकोणिसात अठरा, वाईट नाही." मी मौनीकडे बघितलं. तो एकशे तेराकडे बघत होता. मी म्हटलं, "कापा."

चांगला निघाला तर पासच नग फुकट घालवला असं होईल. मग यादी आहे तशी राहील आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही, हेही लिहून दिलंय. मंगळवारी दहा वाजता कापायचा. त्यातला बद्द आवाज मी स्वतः ऐकलेला नाही, ताई. दुसऱ्याच्या कानावर सही केलीय.

बापू


३ मार्च

चि. बापू,

हे मंगळवारनंतरच पोचेल, तरी लिहिते. तुझ्याच कानावर सही केली असतीस तर मला काळजी वाटली असती. दुसऱ्याच्या केलीस म्हणून वाटत नाही.

आज माझं एकाही वाचकाच्या प्रश्नाकडे लक्ष नव्हतं. एकाला इतिहास हवा होता, त्याला भूगोल दिला.

ताई


८ मार्च

ती. ताईस,

बस. हातातलं काम खाली ठेव आणि मग वाच.

मंगळवारी दहाला मशीन शॉपमध्ये उभं राहायला जागा नव्हती. साचेवाले आले, भट्टीवाले आले, ऑफिसातले जिन्यावर उभे. करवतीवर एकशे तेरा बांधला. मॅनेजर म्हणाले, "कुठे कापायचा, तुम्ही सांगा." मी खडूने रेघ मारली, तोंडाच्या कडेखाली जिथे लोखंड जाड होतं तिथे. करवत बारा मिनिटं चालली. तुकडा पडला. दोन्ही बाजू आरशासारख्या. काही नाही.

टायने मात्र घाई केली नाही, ते मी लिहून ठेवतो. त्याने तुकडा हातात घेतला, बोट फिरवलं आणि खाली ठेवला.

तेवढ्यात मौनी पुढे आला. मला बाजूला सारलं. सव्वीस वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता. खिशातून आपली छोटी हातोडी काढली, उरलेल्या नगावर तीन ठिकाणी ठोकली. तिसऱ्या ठोक्याला थांबला. माझा खडू माझ्याच हातातून घेतला आणि माझ्या रेघेपासून बोटभर खाली दुसरी रेघ मारली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुकादमाने वर मारली. इथे आहे."

पुन्हा करवत. या वेळी बारा मिनिटं नाही लागली. निम्म्यात आवाज बदलला. करवतवाल्याने मान वर केली, त्यालाही कळलं. तुकडा पडला आणि मधोमध पोकळी. वाटाण्याएवढी, कडा काळ्या, बाहेरच्या भिंतीपासून जेमतेम तीन मिलिमीटर. मापलं, तीन पूर्णांक एक दशांश. फोरमन म्हणाला, "सहा महिन्यांत फुटला असता. पंपासकट."

एकोणिसात एकोणीस.

साचेवाल्यांनी ताट-वाट्या वाजवाव्यात तसे पाने-हातोड्या वाजवल्या. वास्तविक पोकळी त्यांच्याच साच्यातली, पण आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही. मी लक्षात आणून दिलं, मग जरा थांबले.

नंतर टाय माझ्याकडे आला. टाय सैल केली होती. म्हणाला, "मुकादम, व्याख्या तुम्हीच सांगा. मी लिहितो." तेव्हा मी सांगितलेली आणि यादीत आता छापली गेलेली ओळ अशी आहे: 'फेटलिंग: ओतीव नगाची साफसफाई करणे, तो पारखणे व पुढील कामासाठी सज्ज करणे.' त्याने विचारलं, "साफसफाई ठेवायची? आता काढता येईल." मी म्हटलं, "ठेवा. पहिलीच ठेवा. ती आम्ही करतो आणि तिची आम्हाला लाज नाही. काल गाळली तेव्हा टिपण पडलं, आज गाळली तर नग पडेल." आठवा अर्थ धरून सगळे आत आहेत, ताई. एकही गाळला नाही.

बारा पंच मागवले आहेत.

बापू


१ एप्रिल

ती. ताईस,

पंच सत्तावीस मार्चला आले. मला नंबर एक देत होते, मुकादम म्हणून. एक नंबर मौनीला दिला, मी दोन घेतला. हे मोठेपणासाठी लिहीत नाही; एकशे तेरा मला 'चांगला' वाटला होता, म्हणजे क्रम बरोबरच आहे.

काल त्याचा शेवटचा दिवस. शेवटचा नग त्याने स्वतः टांगला, ठोकला, ऐकला. मग पंच टेकवला. आम्ही अकरा जण भोवती उभे. दोनदा उचलून पुन्हा टेकवला. एकच घाव घातला. खाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, "सरळ आलाय ना?"

अर्ध्या अंशाने तिरका होता. मी म्हटलं, "सरळ आहे." सव्वीस वर्षांत मी पास केलेला हा एकमेव तिरका ठसा.

सोबतचं पार्सल जपून उघड. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम आहे.

बापू


१२ एप्रिल

चि. बापू,

पार्सल उघडायला शिपायाला बोलवावं लागलं. एकशे तेराचा तो काप इतका गुळगुळीत घासलायस की त्यात माझा चष्मा दिसतो. मधली पोकळी तशीच ठेवलीस, खाली मौनीचा एक, त्याच्या शेजारी तुझा दोन. दोन अगदी सरळ आहे. अपेक्षाच होती.

तो मी घरी नेला नाही. माझ्या टेबलावर आहे, त्या कोशाच्या उघड्या खंडावर. पान कोणतं ते तुला सांगायला नको.

काल दुपारची गोष्ट. वाचनकक्ष भरलेला, चाळीसेक माणसं, पंख्यांशिवाय दुसरा आवाज नाही. आमचे ग्रंथपाल, तेच, जेवायला आलेले, टेबलापाशी थांबले. काप उचलून बघितला. हळू आवाजात म्हणाले, "छान आहे. कुठून आणलात?"

मी म्हणाले, "माझ्या मामेभावाने केलाय. तो फेटलर आहे. ओतलेलं लोखंड साफ करतो, पारखतो आणि सज्ज करतो. हा नग यंत्रांनी पास केला होता, त्याच्या विभागाने ऐकून नापास केला."

ते म्हणाले, "अच्छा." आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. पाटीवर 'शांतता राखा' लिहिलं आहे. तेव्हा मला कळलं की चाळीसच्या चाळीस माणसं पुस्तकातून मान वर काढून माझ्याकडे बघतायत.

बत्तीस वर्षांत या खोलीत माझा आवाज पहिल्यांदाच चढला, बापू. मी सॉरी म्हटलं नाही. उलट शेवटच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "काय म्हणालात, फेटलर?" तर त्यांनाही पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, सगळं.

दोन मिनिटं लागली. घड्याळात पाहिलं.

तुझी,
ताई